पाय वाटले किती, चालतायत किती?

२०२५च्या जुलैत हैदराबादजवळच्या बीबीनगरच्या एम्समध्ये डीआरडीओने कार्बन फायबरचं देशी पाऊल सादर केलं. सव्वाशे किलोपर्यंतच्या भाराची चाचणी झालेली, खर्च वीस हजारांच्या आत, आणि बाहेरून येणाऱ्या तशाच पावलाची किंमत दोन लाखांच्या घरात. बातमी छापून आली आणि माझा फोन वाजायला लागला. शिवडी नाक्यावरचा एक पानवाला, कॉटन ग्रीनच्या गोदामात हिशेब लिहिणारा एकजण, कोळीवाड्यातल्या एक मावशी. सगळ्यांचं म्हणणं एकच : "दादा, कार्बनचा पाय आलाय म्हणे. आपला नंबर कधी?"

मी आयुष्यभर कृत्रिम पाय बनवले. आता निवृत्त आहे, तरी चाळीतला दरवाजा वाजतोच. कुणाचा पट्टा तुटलेला असतो, कुणाचा स्क्रू ढिला. त्यामुळे या बातमीचा मला झालेला आनंद खोटा नाही. शंभर जणांत एखाद्याला परवडणारी वस्तू दहा जणांच्या आवाक्यात येत असेल, तर ज्यांनी ती घडवली त्यांना हात जोडायला हवेत. पण फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी एक उलट प्रश्न विचारला. पाऊल मिळेल रे, पण वरचं सॉकेट कोण करणार? आणि ते किती भार घेतं, हे तुला कोण लिहून देणार?

गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाच्या कृत्रिम पायाचे ढोबळ तीन भाग असतात. सगळ्यात खाली पाऊल. मध्ये नळी, तिला वर्कशॉपात पायलॉन म्हणतात. आणि वर सॉकेट, ज्यात उरलेला पाय, आमच्या भाषेत स्टंप, बसतो. पाऊल आणि पायलॉन कारखान्यातून खोक्यात येतात, नंबर आणि वजनाची मर्यादा छापून येतात. सॉकेट मात्र एका माणसासाठी एका माणसाने हाताने केलेलं असतं. अंगाचं वजन पहिल्यांदा त्याच्यावर पडतं आणि मग खाली उतरतं. नेमक्या त्याच भागाची ताकद आपल्याकडे कुणी मोजत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती कार्बनबद्दल नाही.

सॉकेट कसं होतं ते सांगतो, म्हणजे ताकद कुठे येते आणि कुठे निसटते ते कळेल. आधी पीओपीच्या पट्ट्यांनी स्टंपचं माप घ्यायचं, त्यात पीओपी ओतून भरीव साचा काढायचा. मग तो घासायचा आणि भरायचा. हाड वर आलेलं असेल तिथे जागा सोडायची, मांस भार घेऊ शकेल तिथे दाब द्यायचा. साच्यावर पीव्हीएची पिशवी, तिच्यावर मोज्यासारखं स्टॉकिनेट, मग ग्लास फायबरचं किंवा कार्बनचं कापड, पुन्हा स्टॉकिनेट, आणि शेवटी पीव्हीएची दुसरी पिशवी. वरून रेझिन आणि हार्डनरचं मिश्रण ओतायचं. व्हॅक्यूम पंप खालून हवा ओढत असतो आणि आपण दोरीने दाबत दाबत रेझिन प्रत्येक थरात उतरवत न्यायचं. हातात मोजकी मिनिटं असतात. रेझिन तापायला लागलं की खेळ संपला. मुंबईच्या मे महिन्यात ती मिनिटं आणखी आखडतात.

माझे वडील परळच्या गिरणीत साळखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे. १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि त्यांच्यासाठी ते साचे पुन्हा कधी सुरू झाले नाहीत. मी कामाला लागल्यावर काही वर्षांनी ते एकदा सहज वर्कशॉप बघायला आले. त्या दिवशी टेबलावर कार्बनचं कापड पडलं होतं, तेव्हा ते आमच्यासाठीही नवंच होतं. म्हाताऱ्याने अंगठा आणि तर्जनीत धरून ते चोळलं. उभ्या धाग्यात ओढून बघितलं, आडव्या धाग्यात ओढलं. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकं ओढलं. कापड सरकलं, लांबलं. म्हणाले, "याचा जोर दोनच दिशांना आहे. तिरकं ओढलंस तर नुसतं लांबतंय. तुझा माणूस सरळच चालतो का रे?"

तंतूंनी मजबूत केलेल्या पदार्थांवरची जाड पुस्तकं मी नंतर चाळली. त्यांतली निम्मी प्रकरणं या एका प्रश्नात मावतात. तंतूची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेने असते. सर्वसाधारण कार्बन तंतूचा ताठपणा ग्लासच्या तंतूच्या तिप्पट भरतो, घनता ग्लासपेक्षा कमी आणि पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. जाहिरातीत हेच आकडे असतात आणि ते खरे आहेत. पण ते सुट्या तंतूचे आकडे आहेत. सॉकेटमध्ये तो तंतू कापडात विणलेला असतो, त्याच्याबरोबर स्टॉकिनेट असतं, रेझिन असतं. कोकणातल्या घरात कारवीचा कूड असतो आणि त्यावर शेणमातीचा लेप. ताण कारवी घेते आणि माती तिला जागेवर धरून ठेवते. रेझिनचं काम त्या मातीचं. माती कमी पडली तर कारवी सुटी पडते, जास्त झाली तर भिंत नुसती जड होते आणि तडकते. सॉकेटमध्ये रेझिन कमी पडलं तर आतले तंतू कोरडे राहतात आणि एकमेकांना भार देत नाहीत. जास्त साचलं तर त्या जागी वजन वाढतं, ताकद वाढत नाही, आणि पहिली भेग तिथेच जाते. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे दोन थर मुळात चिकटलेलेच नसतात.

आणि माणूस सरळ चालत नाही. टाच टेकते तेव्हा धक्का येतो, मग सगळं वजन एका पायावर येतं, पंजावर जोर देऊन पुढे जाताना सॉकेटच्या तळाला वाकवणारा भार बसतो. शिवडी स्टेशनच्या पुलावर गर्दीत कुणी खांदा मारला आणि अंग वळलं, की पीळ बसतो. वाकण्याला तोंड द्यायला उभे तंतू लागतात, पिळाला तोंड द्यायला पंचेचाळीस अंशांत तिरके टाकलेले थर लागतात. तिरका थर विसरला तर सॉकेट बाहेरून तसंच काळंभोर, चकचकीत दिसतं. घेणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही.

मोडण्याची तऱ्हाही वेगळी असते. ॲल्युमिनियमची नळी बहुधा आधी वाकते, माणसाला सावध करते. ग्लासच्या थरांत बिघाड सुरू झाला तर ती जागा पांढुरकी पडते. कार्बन वाकत नाही आणि काळ्या रंगावर काही उमटतही नाही. चाळीच्या जिन्यावरून पाय निसटून खाली आपटला, वरून ओरखडाही नाही, पण आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून मी सगळ्यांना एक साधी गोष्ट शिकवत आलो. रुपयाचं नाणं घ्या आणि सॉकेटवर सगळीकडे हलकेच वाजवत फिरा. चांगल्या जागी आवाज टणटणीत येतो. थर सुटलेल्या जागी बद्द येतो. विमानाच्या पंखांचे थर तपासायलाही ठोकून ऐकण्याची ही पद्धत वापरतात. पाय विमानाइतका महाग नसेल, पण त्याच्यावर चालणाऱ्याला तोच एक आहे.

मुंबईची स्वतःची एक अडचण आहे, ती परदेशी कॅटलॉगात बारीक अक्षरांत सापडते. कार्बनमधून वीज वाहते. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारं पाणी शिरलं, तर ॲल्युमिनियम खात जातं. शिवडीच्या जेट्टीवर हिवाळ्यात लोक फ्लेमिंगो बघायला येतात. ज्या चिखलात ते पक्षी उभे असतात, तोच चिखल आणि तेच खारं पाणी कोळीवाड्यातल्या माणसाच्या रोजच्या वाटेत असतं. जुलैत रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून वाट काढणाऱ्याची गत वेगळी नसते. उपाय महाग नाही. कार्बन आणि धातूच्या मध्ये ग्लासचा एक थर टाकायचा, किंवा जोड स्टेनलेस स्टीलचा किंवा टायटॅनियमचा घ्यायचा. पण तो टाकला की नाही, हे फक्त टाकणाऱ्याला ठाऊक.

कुणी म्हणेल, गरिबाला पाय मिळतोय ना, मग कशाला एवढी चिकित्सा? त्यांनी जयपूर फूटचा इतिहास बघावा. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते पाऊल घडवलं, ते चिकित्सेतूनच. परदेशी पाय बुटाशिवाय चालत नव्हता, त्यावर मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, शेतात गेलं की खराब होत होता. त्यांनी रबराचे ठोकळे आणि लाकूड घेतलं, ते टायरमध्ये घालतात त्या नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधलं, वर रबर चढवून साच्यात भाजलं. नीट बघितलं तर तेही तंतूंनी मजबूत केलेलं संमिश्रच आहे, फक्त त्याला कुणी हे भारदस्त नाव दिलं नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन याच पावलावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. स्वस्त आणि मजबूत यांचं भांडण नाही, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतही कार्बनचं पाऊल आणलं ते स्वतः पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स नावाच्या माणसाने. १९७६च्या अपघातानंतर जो पाय त्याला दिला गेला, तो त्याला पटला नाही. १९८४ साली त्याने फ्लेक्स-फूट ही कंपनी काढली. दोन्हीकडे गोष्ट वापरणाऱ्याच्या तक्रारीपासून सुरू झाली. आपल्या पायवाटपाच्या शिबिरांत मात्र तक्रारीला टेबल नसतं.

आता मोजमापाकडे येऊ. कृत्रिम पायाच्या ताकदीसाठी आयएसओ १०३२८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माणसाच्या वजनाप्रमाणे गट पाडलेत : साठ किलो, ऐंशी, शंभर, सव्वाशे. नमुना यंत्रात बसवून त्याच्यावर गटाच्या वजनापेक्षा जास्त भार पुन्हा पुन्हा टाकायचा, तीस लाख वेळा. तेवढ्यातून निघाला की शेवटी त्याहून मोठा स्थिर भार द्यायचा. तोही झेलला तर तो नमुना पास. नुसत्या पावलासाठी आयएसओ २२६७५ आहे, त्यात वीस लाख फेऱ्या.

तीस लाख म्हणजे किती, ते मी कागदावर मांडून बघितलं. गोदामात काम करणारा, लोकलने ये-जा करणारा माणूस दिवसाला सहा हजार पावलं सहज टाकतो. त्यातली निम्मी कृत्रिम पायावर, म्हणजे तीन हजार. तीस लाखांना तीन हजारांनी भागा. हजार दिवस. तीन वर्षंही भरत नाहीत. आणि केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, ज्यातून बहुतेक गरजूंना पाय मिळतो, मोठ्या माणसाला त्याच साधनासाठी तीन वर्षांच्या आत पुन्हा मदत मिळत नाही. म्हणजे सर्वोत्तम मानकाला उतरलेला पायसुद्धा, कष्टाच्या माणसाकडे, सरकार नवा द्यायला तयार होईपर्यंत पुरेलच याची खात्री नाही. मग ज्या सॉकेटची एकदाही चाचणी झालेली नाही, त्याच्याकडून आपण कोणत्या आधारावर तीन वर्षं मागतो?

सॉकेट या मानकातून निसटतं, कारण ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मोडून बघायचं तर ज्याचं त्याचंच मोडावं लागेल. पण नमुने करून बघता येतात. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १९९९ साली हे केलं. पाच तऱ्हांची तंतूंची कापडं आणि दोन तऱ्हांचं रेझिन घेऊन त्यांनी गुडघ्याखालची दहा सॉकेट बनवली आणि यंत्रात घालून मोडेपर्यंत दाबली. बाकीच्या भागांना शंभर किलोच्या गटात जो स्थिर भार झेलावा लागतो, तो एकाही सॉकेटने झेलला नाही. सारख्या वजनाच्या आणि जाडीच्या ग्लासपेक्षा कार्बन सरस ठरलं. आणि सॉकेट मोडली ती एकाच जागी : तळाला, जिथे पायलॉनचा जोड बसवायची धातूची प्लेट असते तिथे.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे पाय तिथेच गेलेले असायचे. तिथे मऊ, गोलाकार भिंत संपते आणि कडक प्लेट सुरू होते, सगळा भार त्या कडेवर येऊन साचतो. त्यात कुणी बोल्टसाठी ड्रिल मारलेलं असेल, तर भार वाहणारे तंतूच कापले गेलेले असतात. त्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात दोन थर जादा टाकले, ते टप्प्याटप्प्याने वर नेले आणि भोकाच्या कडा रेझिनने बंद केल्या, तर पायाचं आयुष्य वाढतं. त्याला लागणारं कापड हातरुमालाएवढं. पाऊल दोन लाखांचं असो की दोन हजारांचं, पाय टिकणार की नाही हे पुष्कळदा तो हातरुमाल ठरवतो.

शिबिरांबद्दल कडू बोलायचं मला जिवावर येतं, कारण त्या शिबिरांमुळेच हजारो माणसं उभी राहिली. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात, आणि जखमी होऊन हात-पाय गमावणारे वेगळे. मधुमेहाने पाय जाणारे वेगळे. परळच्या टाटा रुग्णालयात हाडाच्या कर्करोगासाठी येणारी कोवळी पोरं वेगळी. २०११च्या जनगणनेत देशात हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांवर लोक नोंदले गेले. एवढ्या गरजेपुढे दात्यांचे हात नसते तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही. तरी सांगतो. शिबिराच्या मागे फ्लेक्स लागतो, त्यावर आकडा असतो : इतक्या पायांचं वाटप. पुढच्या वर्षी नवा फ्लेक्स, नवा आकडा. मागच्या वर्षीच्या पायांतले किती अजून चालतात, हे विचारणारा फ्लेक्स मी आजवर बघितलेला नाही. शिवडी-काळाचौकीच्या चाळींत मला पोटमाळ्यावर, पलंगाखाली, गोणपाटात गुंडाळलेले पाय सापडले आहेत. कुणाचा सॉकेटमध्ये तडा, कुणाचा स्टंप बारीक होऊन सैल झालेला, कुणाचा एक स्क्रू हरवलेला. माणूस पुन्हा कुबडीवर. आकड्यात मात्र तो उभाच असतो.

एका तरुण पोराचा पाय स्टेशनच्या जिन्यावर तळाच्या प्लेटपाशी मोडला. खाली पडून त्याचं मनगटही गेलं. ज्यांनी पाय दिला त्यांच्याकडे त्याची नोंद होती ती फक्त नाव, वय आणि फोटो. कोणतं कापड, किती थर, कोणतं रेझिन, किती वजनासाठी, काहीच नाही. दोष कापडाचा, हाताचा की वापराचा, हे त्यामुळे कधीच कळणार नाही. पुढचा पाय पुन्हा अंदाजानेच होणार. माझा राग या ठिकाणी आहे. पाय कधी ना कधी मोडणारच. पण तो मोडला आणि आपण काहीच शिकलो नाही, हे कबूल नाही.

तर मला काय हवंय?

एक, प्रत्येक पायाबरोबर कार्ड. पुठ्ठ्याचं चालेल. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत : हा पाय जास्तीत जास्त किती किलोच्या माणसासाठी, कधी बनवला, कोणत्या कापडाचे किती थर आणि कोणत्या दिशेने, कोणतं रेझिन, जोड कशाचा, बोल्ट पुन्हा कधी आवळायचे, आणि मोडला तर कुठे यायचं. खाली करणाऱ्याची सही. सही करायची म्हटली की हात आपोआप सावध होतो, हे कुठल्याही कारागिराला विचारा.

दोन, नमुन्यांची चाचणी. प्रत्येक वर्कशॉपने आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठरावीक सॉकेट मोडण्यासाठीच बनवावीत आणि ती खरोखर मोडून बघावीत. याला परदेशात जायला नको. शिवडीहून बसने तासाभराच्या टप्प्यात काय काय आहे बघा. माटुंग्याला १८८७ साली सुरू झालेली व्हीजेटीआय, जिथे इंजिनिअर आणि कापडतज्ज्ञ दोन्ही घडले. त्याच माटुंग्यात १९३३ पासूनची आयसीटी, जिथे तंतू आणि पॉलिमर यांचंही शिक्षण चालतं. वरळीला सस्मिरा, घाटकोपरला बिट्रा, गिरण्यांच्या पैशातून आणि गरजेतून उभ्या राहिलेल्या वस्त्रसंशोधन संस्था. परळला केईएम. हाजी अलीला १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. आणि थोडं लांब, पुण्यात, १९४४ पासून सैनिकांचे पाय बनवणारं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र. विणणारे, रेझिन जाणणारे, भार मोजणारे, रुग्ण बघणारे सगळे एका शहरात आणि त्याच्या शेजारी आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवायला लागणारा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून जास्त होणार नाही. आणि आमच्या गिरणगावात अजून असे म्हातारे आहेत, जे कापड अंगठ्याने चोळून त्याचा दोष सांगतात. तेही बोलवा.

तीन, दुरुस्तीचा हक्क. तीन वर्षांनी नवा पाय ही योजना ठीक. पण मधल्या काळात सॉकेट बदलणं, प्लेट आवळणं, पाऊल बदलणं हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हायला हवं. पुष्कळदा पाऊल आणि पायलॉन धडधाकट असतात, सॉकेटच गेलेलं असतं. किंवा सॉकेटही धड असतं, स्टंप बदललेला असतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात तर स्टंप आखडतोच, ते प्रत्येक तंत्रज्ञाला माहीत आहे. तेव्हा त्या काळातला पाय तात्पुरता समजून दुसऱ्या सॉकेटची तरतूद पहिल्याच दिवशी करायला हवी.

याच्यावरचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला : चाचण्या आणि कागदपत्रं आणली की लहान संस्था बंद पडतील आणि गरिबाला आहे तेही मिळणार नाही. भीती रास्त आहे. म्हणूनच मी परवाना मागत नाही, कार्ड मागतोय. नमुन्यांच्या चाचणीचा खर्च सरकारने उचलावा, निकाल सगळ्यांसाठी खुला ठेवावा. एका वर्कशॉपची कोणती थरांची मांडणी किती भार झेलते हे एकदा कळलं, की दहा वर्कशॉप तीच मांडणी वापरू शकतात. त्याने लहान संस्था बुडणार नाहीत, उलट त्यांच्या हाती पहिल्यांदाच खात्रीची कृती येईल.

दुसरा आक्षेप तरुण इंजिनिअरांचा : आता थ्रीडी प्रिंटिंग आलंय, हाताचं काम संपत आलं. येऊ दे. पण छापलेल्या प्लास्टिकचेही थर असतात आणि तेही थरांच्या मधूनच सुटतात. काहीजण ताग, अंबाडी, केळीच्या सोपटाचे तंतू वापरायचे प्रयोग करतायत. मला ते मनापासून आवडतात, शेतकऱ्यालाही त्यात काही मिळेल. पण हे तंतू पाणी पितात आणि फुगतात, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. नवा पदार्थ आणा, जुना ठेवा, प्रश्न तोच राहतो : किती किलो, किती पावलं, कुणी मोजलं?

आमच्याच शिवडीतून समुद्रावर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू गेला, १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. अशा पुलावर भार घालून बघायचा असतो, त्याचा कागद ठेवायचा असतो, दरवर्षी पाहणी करायची असते, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. माणसाच्या पायासाठी मात्र ते पटवावं लागतं, कारण पाय दान म्हणून दिलेला असतो आणि दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात अशी आपली रीत. ही रीत मोडायला हवी. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यालाही इतकी वर्षं झाली. हक्काच्या वस्तूचे दात मोजायचेच असतात.

म्हणून येत्या मोसमात जे नगरसेवक, जी मंडळं, ज्या कंपन्या पाय वाटणार आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. शिबिर जरूर घ्या. पण प्रवेशद्वाराशी पहिलं टेबल दुरुस्तीचं लावा आणि मागच्या वर्षीच्या सगळ्यांना पाय घेऊन बोलवा. जे आले नाहीत त्यांच्या घरी माणूस पाठवा. कितीजण पायावर चालत आले, किती कुबडीवर, किती आलेच नाहीत, हे तीन आकडे लिहून काढा. आणि यंदाच्या फ्लेक्सवर वाटपाच्या आकड्याच्या वर, त्याच्याहून मोठ्या अक्षरांत, ते छापा.